कळांची वाट पाहण्याचा हक्क

2014 ते 2017 या काळात अमेरिकेतल्या 41 रुग्णालयांमध्ये बाळंतपणाविषयीची एक मोठी चाचणी झाली. तिचं नाव ‘अराइव्ह’. प्रश्न सरळ होता. पहिलटकरणीची तब्येत ठणठणीत आहे, बाळाचंही सगळं ठीक आहे, 39 आठवडे भरलेत. अशा वेळी औषध देऊन कळा आणाव्यात, की त्या आपसूक सुरू होईपर्यंत थांबावं? 6,106 स्त्रिया चाचणीत सहभागी झाल्या. 2018 साली निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. कळा आणलेल्या गटात सिझेरियनचं प्रमाण 18.6 टक्के होतं, थांबलेल्या गटात 22.2 टक्के. तेव्हापासून हे दोन आकडे जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांच्या बोलण्यात येत असतात.

त्याच शोधनिबंधात आणखी एक आकडा आहे, त्याच्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. चाचणीत घेता येतील अशा स्त्रिया एकूण 22,533 होत्या. त्यांतल्या 27 टक्के जणींनीच होकार दिला. उरलेल्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांनी ‘नको’ म्हटलं. कारणं जिच्या तिच्या मनातली. पण संशोधनाचा नियमच असा की नकार देणाऱ्या बाईवर दबाव आणायचा नाही आणि त्या नकारामुळे तिच्या उपचारांत तसूभरही कमी करायची नाही.

चाचणीच्या कागदावर जो हक्क इतका पक्का असतो, तो रोजच्या प्रसूतिकक्षात एवढा ढिला का पडतो, हा या प्रकरणाचा विषय आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा कळा आणायचं ठरतं ते दोन वाक्यांत. ‘तारीख उलटलीय, उद्या सकाळी उपाशी पोटी या.’ घरचे पिशवी भरतात, सकाळी जेल लावतात, दुपारी सलाईन सुरू होतं. नेमकं काय चाललंय आणि ते का, हे त्या बाईला सांगण्याच्या किंवा तिला विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. बिघाड तिथे सुरू होतो. औषधात तो नाही.

आधी औषधांचं समजून घेऊ, कारण जे ठाऊक नाही त्याला हो म्हणणंही खरं नाही आणि नाही म्हणणंही.

गर्भाशयाचं तोंड नऊ महिने घट्ट मिटलेलं असतं. कळा सुरू होण्याआधी ते मऊ पडतं, आखूड होतं, पुढे सरकतं आणि थोडं उघडतं. बाळाचं डोकंही खाली उतरतं. एडवर्ड बिशप या अमेरिकी डॉक्टरांनी 1964 साली या पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत बसवली. कळा आणण्याचा बेत कितपत फळेल, याचा अंदाज त्या गुणांवरून आजही बांधतात. गुण चांगले असतील तर शरीर तयारच आहे, थोड्या मदतीने काम होईल. गुण कमी असतील तर आधी तोंड मऊ करावं लागतं, आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. ‘माझा बिशप स्कोअर किती?’ हा प्रश्न कोणत्याही गरोदर बाईने विचारावा असा आहे आणि उत्तर द्यायला डॉक्टरांना अर्धं मिनिट पुरतं.

तोंड मऊ करण्यासाठी आपल्याकडे डायनोप्रोस्टोनचं जेल वापरतात, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या वापरतात किंवा लघवीसाठी असते तीच फोलीची नळी आत सरकवून तिचा फुगा पाण्याने फुगवतात. यातल्या दोन पद्धतींची थेट तुलना नागपुरात झाली. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 गरोदर स्त्रियांवर ‘इन्फॉर्म’ नावाची चाचणी झाली आणि 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. दर दोन तासांनी 25 मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने दिलेल्यांपैकी 57 टक्के जणींचं बाळंतपण 24 तासांत नॉर्मल झालं. फुग्याच्या गटात हे प्रमाण 47 टक्के होतं. विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत झालेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं. महागड्या यंत्राशिवाय, एका स्वस्त गोळीने किती साधतं ते त्याने दाखवलं. पण याच आकड्यांची दुसरी बाजूही वाचायला हवी. चांगल्या पद्धतीनेसुद्धा शंभरातल्या त्रेचाळीस जणींचं 24 तासांत नॉर्मल बाळंतपण झालेलं नव्हतं. कळा आणणं म्हणजे सकाळी दाखल आणि संध्याकाळी पेढे, असं गणित नसतं. दीड-दोन दिवस लागू शकतात, आणि तेवढा धीर रुग्णालयाकडे आहे का, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

तोंड उघडू लागलं की पाण्याची पिशवी फोडतात आणि ऑक्सिटोसिनचं सलाईन लावतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क गर्भाशय आकुंचित करतो, हे हेन्री डेल यांनी 1906 साली दाखवून दिलं. 1953 साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी त्यातलं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केलं आणि दोन वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून या औषधाने असंख्य बायका वाचवल्यात. मात्र कळा आणण्यासाठी ते देताना थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा लागतो. कळा फार लागोपाठ येऊ लागल्या, दहा मिनिटांत पाचाहून जास्त, तर दोन कळांमध्ये बाळाला मिळणारी उसंत संपते आणि त्याचे ठोके बिघडतात. म्हणून सलाईन लागलं की सतत लक्ष हवं, ठोक्यांचा पट्टा हवा आणि गरज पडली तर ताबडतोब सिझर करता यायला हवं. आधीचं सिझर असलेल्या बाईच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक. जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशय फाटण्याचा धोका असल्याने दिवस भरलेल्या अशा बाईला कळा आणायला मिसोप्रोस्टॉल देत नाहीत. माझं आधीचं सिझर झालंय हे तिने प्रत्येक वेळी, प्रत्येक नव्या डॉक्टरला, न विचारताही सांगावं.

आणखी एक गोष्ट गुपचूप होते. शेवटच्या आठवड्यांत आतून तपासताना डॉक्टर बोट फिरवून पिशवीचे पडदे गर्भाशयाच्या तोंडापासून सुटे करतात. याने पुढे औषधाने कळा आणण्याची गरज कमी पडते, पद्धत चांगली आहे. पण दुखतं, रक्त जातं, आणि बऱ्याच वेळा ते ‘नुसतं तपासते हं’ असं म्हणून केलं जातं. हाही कळा आणण्याचाच एक प्रकार आहे, त्यालाही आधी विचारायलाच हवं.

आता तारखेकडे येऊ, कारण सगळी घाई तारखेच्या नावाने होते. नऊ महिने नऊ दिवस हा आपल्याकडचा हिशेब आणि शेवटच्या पाळीपासून 280 दिवस हा डॉक्टरी हिशेब, दोन्ही जवळपास सारखेच. पण नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. उरलेली अलीकडे-पलीकडे येतात. 37 पूर्ण ते 42 आठवडे हा सगळा काळ दिवस भरल्याचाच काळ आहे. 40 आठवडे झाले म्हणजे ‘तारीख उलटली’ आणि बाळ धोक्यात आलं, ही समजूत मुळातच चुकीची. त्यातून तारखाही दोन-तीन असतात. पाळीची एक, पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची एक आणि आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या कागदावर छापून आलेली तिसरी. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी साधारण आठवडाभराच्या आत बरोबर असते. शेवटच्या महिन्यातली दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकते, कारण तेव्हा यंत्र बाळाचा आकार मोजतं, वय मोजत नाही. नकार द्यायचा की होकार, हे ठरवण्याआधी आपली खरी तारीख कोणती, हे पहिल्या सोनोग्राफीच्या कागदावरून पक्कं करून घ्यावं. निम्मे वाद तिथेच मिटतात.

मग थांबण्यात धोका नाहीच का? आहे, आणि तो लपवून हक्काची भाषा बोलणं ही त्या बाईशी केलेली फसवणूक ठरेल. वार म्हातारी होत जाते. 2019 साली दीड कोटी गरोदरपणांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं की पोटात बाळ दगावण्याचा धोका 37व्या आठवड्यात हजारात 0.11 असतो, तो 42व्या आठवड्यात हजारात 3.18 होतो. 40 ऐवजी 41 आठवडे थांबलेल्या 1,449 स्त्रियांमागे एक जास्तीचं बाळ जातं. स्वीडनमध्ये 41 आठवड्यांना कळा आणणं आणि 42 पर्यंत थांबणं यांची तुलना करणारी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली होती आणि दुसऱ्या गटात एकही नाही. 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेने अशा 34 चाचण्या एकत्र केल्या, 21,000हून जास्त स्त्रियांच्या. कळा आणलेल्या गटात 4 बाळं दगावली होती, थांबलेल्या गटात 25. एक बाळ वाचवण्यासाठी 544 जणींच्या कळा आणाव्या लागतात, असं त्यातून निघालं. आणि कळा आणल्या की हमखास सिझर होतं, ही जी समजूत घरोघरी आहे, तिला या चाचण्यांत आधार सापडला नाही. उलट सिझरचं प्रमाण थोडं कमीच निघालं.

यावर माझं एक म्हणणं आहे. चाचण्यांमध्ये धीर धरण्याचे नियम लिहून दिलेले असतात. किती तास वाट पाहिल्यावरच बेत फसला म्हणायचं, हे ठरलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत भारतातल्या सरकारी रुग्णालयांत सिझरचं प्रमाण 14.3 टक्के निघालं आणि खासगीत 47.4 टक्के. या दोन आकड्यांमधली दरी स्त्रियांच्या शरीरातल्या फरकाने समजावता येत नाही. जिथे दर दुसरं बाळंतपण सिझर होतं, तिथे ‘अराइव्ह’चा 18.6 टक्क्यांचा आकडा पुढे करून ‘कळा आणल्याने सिझर टळतं’ असं सांगणं मला पटत नाही. पुरावा ज्या पद्धतीने मिळाला, ती पद्धतही सोबत आणायला हवी.

544 जणींमागे एक. हा आकडा ऐकून एक बाई म्हणेल, ‘ती एक मी असले तर? आणा कळा.’ दुसरी म्हणेल, ‘मी आणखी चार दिवस थांबते, रोज तपासा.’ दोघीही शहाण्या आहेत. हा निर्णय शास्त्र घेऊ शकत नाही, शास्त्र फक्त आकडा देतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की 41 आठवडे नक्की पूर्ण झालेत असं ठाऊक असेल तर कळा आणाव्यात. त्याआधी, बाकी सगळं ठीक असताना, नकोत.

बाकी सगळं ठीक नसेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. रक्तदाब चढलाय, लघवीतून प्रथिनं जाताहेत, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत. पाणी गेलंय आणि ताप आहे. मधुमेह आटोक्यात नाही. बाळाची वाढ खुंटलीय किंवा हालचाल मंदावलीय. अशा वेळी डॉक्टर घाई करतात ती योग्य असते आणि ‘थांबू या’ म्हणणाऱ्या बाईला तिच्या माणसांनी जवळ बसून पुन्हा समजावलं पाहिजे. याउलट काही कारणं ऐकायला भीतिदायक असली तरी एकटी पुरेशी नसतात. ‘बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा आहे’ हे त्यातलं सगळ्यात लाडकं. साधारण चारातलं एक बाळ वेढा घेऊनच जन्मतं आणि बहुतेकांना त्याने काहीही होत नाही. ‘बाळ मोठं आहे’ हे दुसरं. सोनोग्राफीतलं वजन दहा-पंधरा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. ‘मी परवापासून गावाला आहे’ हे कारण डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं तर त्यावर बोलता येतं, पण त्याला वैद्यकीय कारणाचा मुलामा देता कामा नये. आणि मुहूर्त पाहून तारीख मागणारे नातेवाईकही इथेच येतात. त्यांना ‘नाही’ म्हणण्याचा हक्क डॉक्टरांना आहे आणि त्या बाईलाही.

नातेवाईकांचा विषय निघालाच आहे तर सहीबद्दल बोलायला हवं. आपल्याकडे प्रसूतीच्या वेळी कागद घेऊन नर्स बाहेर येते आणि विचारते, ‘पेशंटसोबत कोण आहे?’ नवरा पुढे होतो, नाहीतर सासरा, नाहीतर भाऊ. सही होते. आत जिच्या शरीरावर उपचार व्हायचे आहेत ती पूर्ण शुद्धीत असते, पदवीधर असते, कदाचित स्वतः बँकेत लोकांच्या सह्या तपासत असते. तिला कोणी पेन देत नाही.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. 1995 साली दिल्लीतल्या एका नर्सिंग होममध्ये 44 वर्षांच्या एका स्त्रीला दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी भूल दिली होती. तपासणी चालू असताना डॉक्टरांना वाटलं, गर्भाशय आणि बीजकोश काढायला हवेत. बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि ते काढून टाकले. ‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी 2008 मध्ये निकाल लागला. रुग्ण सज्ञान आणि सक्षम आहे, केवळ तात्पुरती भुलीखाली आहे, जीव वाचवण्याची तातडी नाही. मग आईची संमती चालणार नाही, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, असं न्यायालयाने ठरवलं. डॉक्टरांची फी नाकारली आणि 25,000 रुपयांची भरपाई द्यायला लावली. रक्कम तुटपुंजी होती, पण तत्त्व पक्कं झालं. संमतीआधी काय सांगायला हवं, तेही न्यायालयाने नोंदवलं: उपचाराचं स्वरूप, हेतू आणि फायदे, दुसरे पर्याय, ठळक धोके, आणि उपचार नाकारले तर काय होऊ शकतं. शेवटचा मुद्दा नीट वाचावा. नकाराचे परिणाम समजावून सांगणं हे संमतीच्या व्याख्येतच बसवलेलं आहे, म्हणजे नकार ही शक्यता कायद्याने धरूनच ठेवली आहे.

याच निकालाचा दुसरा भाग असा की एका उपचाराची संमती दुसऱ्याला लागू होत नाही. नेमकी नावं लिहून दोन-तीन गोष्टींची संमती आधीच एकत्र घेता येते. पण दाखल होताना ‘डॉक्टरांना योग्य वाटतील ते सर्व उपचार’ अशा मोघम ओळीखाली घेतलेली सही म्हणजे जेल, पिशवी फोडणं, सलाईन या सगळ्याला होकार, असं समजता येणार नाही.

हक्काची खरी परीक्षा सोप्या प्रसंगात होत नाही. ती झाली लंडनमध्ये, 1996च्या एप्रिलमध्ये. कोर्टाच्या कागदांत ‘एस’ एवढ्याच नावाने ओळखली जाणारी एक स्त्री 36 आठवड्यांची गरोदर होती. तिला गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया होता, म्हणजे रक्तदाब चढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा आजार. ताबडतोब दाखल व्हा, कळा आणायला हव्यात, नाहीतर तुमचा आणि बाळाचा जीव जाईल, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं. तिला ते समजलं होतं. तरीही तिने नकार दिला; बाळंतपण नैसर्गिकच व्हावं अशी तिची ठाम धारणा होती आणि तसं तिने लिहूनही दिलं. मग तिला मानसिक आरोग्य कायद्याखाली ताब्यात घेतलं गेलं, आधी मनोरुग्णालयात आणि तिथून सेंट जॉर्जेस रुग्णालयात नेलं गेलं. तिला न कळवता, तिच्या वकिलाला न कळवता न्यायाधीशांकडून परवानगी मिळवली. ती 24 तास कळा देते आहे, अशी चुकीची माहितीही न्यायाधीशांना दिली गेली. सिझर झालं, मुलगी जन्मली. ताब्यात असतानाच्या सगळ्या काळात तिच्यावर कसलेही मानसिक उपचार झाले नाहीत.

1998च्या मे महिन्यात तिथल्या अपील न्यायालयाने हे सगळं बेकायदा ठरवलं. गरोदरपणाने स्त्रीची जबाबदारी वाढते, पण उपचार घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा तिचा हक्क त्याने कमी होत नाही, असा निकालाचा आशय होता. तिचा निर्णय इतरांना विचित्र वाटला, एवढ्यावरून तिला वेडी ठरवता येत नाही.

मला ही केस वाचताना सुख वाटत नाही. त्या दिवशी मी तिच्याशेजारी असते तर हात जोडून म्हटलं असतं, बाई, कळा आणू दे. प्रीएक्लॅम्प्सियात थांबणं म्हणजे काय, हे आपल्याकडे ज्या घरांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. पण हात जोडणं आणि हात बांधणं यांतला फरक न्यायालयाने पाहिला आणि तो योग्यच पाहिला, असं मी पूर्ण विचाराने म्हणते. बळजबरीची एकदा सोय झाली की ती फक्त जीवघेण्या आजारापुरती राहत नाही; उद्या ती तारीख उलटल्याच्या कारणासाठीही वापरली जाते. आणि रुग्णालयात आपलं कोणी ऐकणार नाही या भीतीने बायका तपासणीलाच येईनाशा झाल्या, तर त्यातून जाणारे जीव कुठल्याच हिशेबात दिसत नाहीत.

इंग्लंडशी आपला आणखी एक संबंध आहे. तिथल्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने मे 2021 मध्ये एक मसुदा काढला. कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्य वंशांच्या गरोदर स्त्रियांना, बाकी काही त्रास नसला तरी, 39व्या आठवड्यातच कळा आणण्याचा विचार करावा, असं त्यात म्हटलं होतं. लंडन-लेस्टरमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलीही त्यात आल्या. या समूहांत बाळं दगावण्याचं प्रमाण जास्त आहे हे खरं, पण त्याचं कारण कातडीच्या रंगात शोधून सरसकट कळा आणायच्या, की त्यांना मिळणारी सेवा सुधारायची, यावर सुईणींनी आणि मातांच्या संघटनांनी आवाज उठवला. नोव्हेंबरमध्ये अंतिम मार्गदर्शिका आली तेव्हा ती शिफारस नव्हती. नुसता वंश हे कळा आणण्याचं कारण होऊ शकत नाही, एवढं तरी मान्य झालं.

आपल्या गावात, आपल्या डॉक्टरांसमोर ‘नको’ कसं म्हणायचं? बहुतेक वेळा खरा शब्द ‘नको’ नसतोच, तो ‘आत्ता नको’ असतो, आणि तो तसाच उच्चारावा. ‘मॅडम, माझे 40 आठवडे आणि दोन दिवस झालेत. बीपी, साखर, पाणी सगळं ठीक आहे म्हणता. मला 41 पूर्ण होईपर्यंत थांबायचंय. तोवर कधी कधी तपासायला येऊ?’ या वाक्यात भांडण नाही, आणि पुढची तपासणी तिने स्वतःच मागून घेतली आहे. थांबणं म्हणजे घरी जाऊन निवांत झोपणं नव्हे. बाळाच्या ठोक्यांची एनएसटी, पाण्याचं मोजमाप, रक्तदाब, आणि रोज बाळाच्या हालचालींवर स्वतःचं लक्ष. एक सत्य मात्र डॉक्टरांनी सांगावं आणि बाईने ऐकावं: एनएसटी चांगली आली म्हणजे त्या घडीला बाळ ठीक आहे, पुढच्या आठवड्याची हमी त्यात नसते. हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं ठणकू लागलं तर रात्री दोन वाजताही निघायचं. घरात कोणाच्या गाडीने, कोणत्या रुग्णालयात, हे ठरलेलं हवं. आशाताईंना सांगून ठेवलेलं हवं.

डॉक्टरांची बाजूही मनापासून समजून घ्यायला हवी. तालुक्याच्या गावात एकट्याने प्रसूतिगृह चालवणाऱ्या डॉक्टरबाईंना भूलतज्ज्ञ तासाभराच्या अंतरावरून बोलवावा लागतो, रक्तपेढी जिल्ह्याला असते, आणि काही बरंवाईट झालं तर जमाव दवाखान्यावर येतो. ही भीती खोटी नाही. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला 2010 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. दिवसा, माणसं हाताशी असताना बाळंतपण व्हावं असं त्यांना वाटणं साहजिक आहे. ‘आमच्याकडे रात्री सिझरची सोय नाही, म्हणून मी कळा आणायला सांगते’ असं त्यांनी उघडपणे म्हटलं तर ते ऐकून बाई होकार देईल, किंवा जिथे सोय आहे तिथे जाईल. दोन्हीत तिचं आणि डॉक्टरांचंही भलं आहे.

नकारानंतर बऱ्याच ठिकाणी एक कागद पुढे येतो. ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी जात आहे, बरंवाईट झाल्यास डॉक्टर जबाबदार नाहीत.’ इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. नकाराची नोंद करणं डॉक्टरांचं कामच आहे. कोणता सल्ला दिला, कोणते धोके सांगितले, बाईने काय ठरवलं, हे लिहून तिची सही घेणं उचितच. पण एक उपचार नाकारला म्हणजे ती रुग्णालय सोडून चालली, असं होत नाही. ती तिथेच राहून तपासण्या घेऊ शकते, पुढच्या आठवड्यात परत येऊ शकते, कळा सुरू झाल्यावर दाखल होऊ शकते. आणि पुढे उपचारात हलगर्जी झाली तर तशा कागदाने ती माफ होत नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 साली रुग्ण हक्कांची 17 कलमी सनद तयार केली, त्यात माहिती, संमती, दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला हे सगळं आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत जानेवारी 2021 मध्ये दुरुस्ती होऊन रुग्ण हक्क सनद खासगी रुग्णालयांत दर्शनी भागात लावणं सक्तीचं झालं. नोंदी मागितल्यापासून 72 तासांत द्यायला हव्यात, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम तर 2002पासूनचा आहे. दुसरा सल्ला घ्यायचा तर पहिल्या सोनोग्राफीपासूनचे सगळे कागद हाताशी हवेत, म्हणून सातव्या महिन्यापासूनच त्यांची फाईल स्वतःकडे ठेवावी. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक बाई असू देण्याचं धोरण आहे; कळा सोसत असताना जिला बोलणं सुचत नाही, तिच्या वतीने आठवण करून द्यायला ती सोबतीण फार उपयोगी पडते. निर्णय मात्र तिचा नव्हे, बाळंतिणीचाच.

आणि ज्या हो म्हणतात त्यांच्यासाठी. होकार एकदाच, सकाळी आठ वाजता दिला आणि संपला, असं नसतं. प्रत्येक पायरीआधी तो नव्याने विचारला गेला पाहिजे, आणि मधल्या पायरीवर थांबता येतं. फुगा काढून घेता येतो. गोळीचा पुढचा डोस थांबवता येतो. लावलेलं जेल मात्र परत काढता येत नाही. सलाईन कमी करता येतं, बंद करता येतं, त्याचा जोर थोड्या वेळात ओसरतो. बाळ आणि आई ठीक असतील तर पहिल्या दिवशी जेलने काही झालं नाही म्हणून लगेच सिझरकडे न वळता रात्री विश्रांती घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करता येतो, किंवा बेतच रद्द करून घरी जाता येतं. हे पर्याय कोणी स्वतःहून मांडत नाही, विचारावे लागतात. पाण्याची पिशवी फोडली की मात्र हा परतीचा रस्ता बंद होतो. जंतुसंसर्गाची भीती सुरू होते आणि बाळंतपण ठरावीक वेळेत उरकावंच लागतं. म्हणून ती फोडण्याआधी डॉक्टरांनी हात थांबवून विचारलं पाहिजे, आणि त्यांनी विचारलं नाही तर बाईने किंवा तिच्या सोबतिणीने विचारावं: आत्ता तोंड किती उघडलंय, डोकं किती खाली आलंय, आणि आणखी दोन तास थांबलो तर काय बिघडेल?